कुंपणाला फुलोरा

१२ मार्च, बुधवार

कुंपणाला फुलोरा येतोय!

सकाळी तोंड धुवायला मागच्या अंगणात गेलो तर सासूबाई खुर्चीत नाहीत. हिवाळ्यापासून त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, तरी उभ्या होत्या – आणि मान वर. कुंपणाच्या टोकाच्या खांबाकडे बघत.

"मास्तर," म्हणाल्या, "तुमच्या खांबाला दिवस गेलेत."

मी वर पाहिलं. तलवारींच्या जुडग्यासारखी पानं, आणि त्यांच्या मधोमध अंगठ्याएवढं तांबूस टोक. नोएमीला हाक मारली. ती कॉफीचा कप घेऊन आली, बघितलं, म्हणाली, "अकरा वर्षांनी एकदाचं तुझं काहीतरी फळाला आलं." आणि शाळेत शिकवायला निघून गेली.

बायकोचा हा स्वभाव मेक्सिको शहरात लक्षात आला नव्हता. तिथं मी विद्यापीठात संस्कृत शिकवायचो आणि ती ग्रंथालयात कामाला होती, त्यामुळे हळू बोलायची.

१३ मार्च, गुरुवार

खांबाला फुलोरा कसा, ते एकदा लिहून ठेवतो. पुढे वही चाळताना मलाच खरं वाटणार नाही.

गावात या झाडाला पाल्मा म्हणतात. ताडामाडाशी त्याचं काही नातं नाही. वनस्पतीशास्त्रवाले यक्का म्हणतात, पण सान पास्कुआलमध्ये त्यांना विचारतो कोण! टेकडीवर, माळावर, मातेउआलाच्या रस्त्याच्या कडेला – जिथं दुसरं काही उभं राहायला तयार नाही तिथं पाल्मा उभ्या. हजारांनी. केस विस्कटून मोर्चाला निघालेल्या बायकांसारख्या.

त्यांच्या खोडांचं कुंपण करायचं तर रीत अशी: खोड तोडायचं, अख्खा एक उन्हाळा उन्हात आडवं टाकायचं, पुरतं मरू द्यायचं, मगच पुरायचं. कारण ओलं खोड पुरलं की ते परत मूळ धरतं. हे इथल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. मला नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंना कुंपण हवं होतं, आणि त्याच दिवशी हवं होतं. सुके खांब बावीस मिळाले. एक कमी पडला. राग काही उन्हाळाभर वाळत घालता येत नाही. तेव्हा मी टेकडीवरून ताजं खोड तोडून आणलं आणि दिवस मावळायच्या आत पुरलं. पुढच्या वर्षी त्याला पानं फुटली. तेव्हापासून मी गावात 'खांब पेरणारा मास्तर'.

कुंपण कोणाविरुद्ध, ते नंतर. बोटं दुखतायत.

१६ मार्च, रविवार

कुंपणापलीकडे चोनाबाई राहतात. पाळण्यातलं नाव एन्कार्नासियोन, पण ते फक्त पाद्रीबाबा आणि सरकार घेतं. सासूबाई त्यांच्या थोरल्या मुलीच्या धर्ममाता. म्हणजे दोघी एकमेकींच्या 'कोमाद्रे'. आपल्याकडे या नात्याला शब्द नाही. सख्खी बहीण आणि विहीण एकत्र कालवून वर थोडा धाक भुरभुरला तर जमेल.

चाळीस वर्षं दोघींचं एकच अंगण होतं. एकीच्या तव्यावरची तोर्तिया दुसरीच्या ताटात. मग तो गुड फ्रायडे आला.

उपासाच्या चाळीस दिवसांत इथं मांस वर्ज्य, म्हणून पाल्माची फुलं शिजवतात. फुलाच्या पोटातला हिरवा दांडा आणि त्याच्याभोवतीचे तुरे खुडून टाकायचे, नुसत्या पाकळ्या घ्यायच्या. उकडून पाणी फेकायचं, मग कांदा, टोमॅटो, मिरची, वर अंडं. गुड फ्रायडेला घरोघरची भांडी चर्चच्या अंगणात मांडतात आणि सगळं गाव सगळ्यांचं खातं. पोटातले दांडे राहिले तर भांडं कडू. अख्खं.

त्या वर्षी सासूबाईंचं भांडं कडू झालं. पाद्रीबाबांनी पहिला घास घेतला आणि पाणी मागितलं. चोनाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कोमाद्रे, हे कडू आहे."

पुढे दोघी चर्चच्या भिंतीआड जाऊन काहीतरी बोलल्या. परत आल्या त्या वेगवेगळ्या वाटांनी. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी कुंपण उभं राहिलं.

अकरा वर्षं एक शब्द नाही! सासूबाईंनी तेव्हापासून चर्चच्या अंगणात भांडंही नेलेलं नाही. खिडकीत बसून कोणाकोणाची भांडी चालली ते बघतात, झाकणाकडे पाहून आत काय बिघडलंय ते सांगतात.

मला या सगळ्याची मौजच वाटत आली आहे. एका विशेषणावर तेवीस खांब! आमच्या नैयायिकांनी सुद्धा इतक्या कमी सामग्रीवर इतका मोठा वाद चालवला नसेल.

२३ मार्च, रविवार

गावच्या सामायिक जमिनीचा कारभार बघणारे दॉन मासेदोनियो आज टेकडीवरून हात हलवत परतले. फेब्रुवारीत उशिरा पडलेल्या हिमानं कळे जळालेत. दक्षिणेची टेकडी कोरडी, माळ कोरडा. तीन तास फिरून त्यांना एक फुलोरा दिसला, तो शेळ्यांनी अर्धा खाल्लेला.

"या वर्षी गुड फ्रायडेला नुसती डाळ," म्हणाले. आमच्या दारात पाणी पिता पिता त्यांची नजर कुंपणावर गेली. भांडं तोंडापासून खाली आलं.

दोन घरांच्या भिंतींच्या आडोशाला असल्यामुळे आमच्या खांबाला हिम लागलंच नाही. शिवाय अकरा वर्षं दोन्ही घरांचं धुण्याभांड्यांचं पाणी त्याच्या बुडाशी जातंय. दोघी पाणी फेकतात ते एकमेकींच्या दिशेनं, रागानं. पोचतं फक्त खांबापर्यंत.

थोडक्यात, सबंध सान पास्कुआलमध्ये यंदा फुलोरा एक. तो कुंपणात.

२७ मार्च, गुरुवार

फुलोऱ्याचा दांडा हातभर. आज चोनाबाईंनीही मान वर केली. पाहिलं मी.

३० मार्च, रविवार

सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं: यंदा भांडं चर्चच्या अंगणात जाणार.

नोएमीचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, वा, छान. सासूबाई म्हणाल्या की छान-बिन काही नाही. पुढच्या महिन्यात ऐंशी पूर्ण होतात, गुडघे असे, पुढच्या वर्षाचं कोणी पाहिलंय. या गावात त्यांनी पंचेचाळीस वर्षं फुलं रांधली. लोकांच्या लक्षात राहिलं ते एकच भांडं. "माझ्या मागं 'कडूवाली' म्हणून ओळखलेलं मला चालणार नाही," म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, पण वाढायचा चमचा त्यांनी दोनदा पुसला.

अडचण एकच. दांडा आता वाकायला लागलाय. या जातीचा फुलोरा वर जात नाही, खाली लोंबतो, झुंबरासारखा. मी त्याला मनात 'अधोमंजरी' असं नाव दिलंय. तर ही अधोमंजरी वाकतेय ती सरळ पलीकडे, चोनाबाईंच्या शेळ्यांच्या गोठ्यावर.

सासूबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "पाणी पितो इथलं आणि मान तिकडं."

३ एप्रिल, गुरुवार

मातेउआलाच्या साप्ताहिकाला मी महिन्याला गावची बातमी पाठवतो. मागच्या महिन्यात पाण्याच्या टाकीचं झाकण हरवल्याची होती, त्याच्या आदल्या महिन्यात सापडल्याची. या वेळी खरीखुरी बातमी! 'हिमानं सगळे फुलोरे जळाले, एक वाचला' असा मथळाही तयार.

नोएमीनं कागद वाचला, घडी केली, हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. "छापून आलं की सगळा तालुका शिडी घेऊन येईल," म्हणाली. टेबल आता हलत नाही. माझ्या लेखनाचा एवढा थेट उपयोग आजवर झाला नव्हता.

चोनाबाई शेळीशी बोलतात. शेळीचं नाव आमदारीण, कारण निवडून आल्यावर – म्हणजे विकत आणल्यावर – ती कधी घरी सापडत नाही. आज कुंपणाजवळ तिला सांगत होत्या, मोठ्यानं: "बघ गं, फुलं स्वतःहून आपल्याकडे येतायत. त्यांनाही कळतं कुठं नीट निवडतात."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "मास्तर, काही जनावरांना फार बोलायची सवय असते."

मी कोणत्या जनावराच्या बाजूनं मान डोलवावी ते न कळून कॉफी प्यायलो.

६ एप्रिल, रविवार

हे फक्त या वहीत.

इथली रीत: टेकडीवर ज्यानं फुलोऱ्याच्या दांड्याला आधी चिंधी बांधली, फुलोरा त्याचा. चिंधी दिसली की दुसरा हात लावत नाही. विहिरीवरून इथं डोकी फुटलीत, चिंधीवरून कधी नाही.

काल सासूबाईंनी आपल्या निळ्या एप्रनची नाडी कापून माझ्या हातात दिली. रीत टेकडीची असली तरी कुंपणाला का नको, म्हणाल्या. उजाडायच्या आत बांधून यायचं.

पाचला शिडी लावून चढलो. पाल्माची पानं टोकाला सुईसारखी असतात. एक कानाला, दोन कोपराला, एक जिथं लागलं ते लिहिण्यासारखं नाही. वर पोचलो, दांडा चाचपला – आणि हाताला गाठ लागली.

चिंधी आधीच होती. मुठीआड टॉर्च पेटवून पाहिलं. लाल. गोठ्याच्या छपरावरून काठीनं ओढून चोनाबाईंनी बहुतेक काल संध्याकाळीच बांधली असणार.

रीतीप्रमाणे मी खाली उतरायला हवं होतं. वर लटकून दोन मिनिटं विचार केला. खाली सासूबाई अंधारात शिडी धरून उभ्या. गुडघे तसले, आणि शिडी धरून उभ्या. "झालं का?" म्हणून हळूच विचारलं.

लाल चिंधीच्या खाली निळी बांधली. उतरलो. "झालं," म्हटलं.

७ एप्रिल, सोमवार

अपेक्षेप्रमाणे.

काल उजाडल्यावर सगळ्या गल्लीला दोन चिंध्या दिसल्या. चोनाबाई आमदारिणीला म्हणाल्या की काही लोक चोऱ्याही पहाटे लवकर उठून करतात, कष्टाळू फार. सासूबाई मला म्हणाल्या की काही लोकांच्या गाठी आपोआप दुसऱ्यांच्या झाडाला लागतात. मी आणि शेळी एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्यात काही वैर नाही.

आज सकाळीच दॉन मासेदोनियो टेप घेऊन आले. खांब मोजला. पश्चिमेकडून मोजला तर चोनाबाईंचा, पूर्वेकडून मोजला तर आमचा. सावली कोणाकडे पडते ते बघायला बसले. दुपारपर्यंत तिकडे, दुपारनंतर इकडे. कॉफी दोन्हीकडे प्यायले. शेवटी टेप गुंडाळला आणि म्हणाले, रविवारी सभेपुढे घेऊ.

१० एप्रिल, गुरुवार

कळ्या फुगल्या. पांढऱ्या घंटांचा घोस. गाव येऊन बघून जातं. दोन्ही बायका दोन खुर्च्या टाकून दोन बाजूंना पहाऱ्याला.

१३ एप्रिल, रविवार

सभा चर्चनंतर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. इतिवृत्त लिहायला नेहमीप्रमाणे मी. गावात सर्वांत सुवाच्य अक्षर माझं, आणि सर्वांत कमी जमीनही माझीच, त्यामुळे निःपक्षपाती समजतात.

आज तेच अंगाशी आलं. दॉन मासेदोनियोंनी आधी मुद्दा मांडला: झाड लावलं कोणी? मास्तरनं. म्हणजे आमचं. लगेच चोनाबाईंच्या बाजूनं कोणीतरी: मास्तरनं झाड लावलं नव्हतं, खांब पुरला होता, झाड व्हायचं त्या खांबानं स्वतः ठरवलं. हशा. पाणी कोणी घातलं? दोघींनी. प्रेमानं? कोणीच नाही. पुन्हा हशा.

मग म्हणाले, "चिंधी आधी कोणाची, एवढाच प्रश्न राहतो. मास्तर, तुम्ही चढलात तेव्हा लाल चिंधी होती का?"

लेखणी कागदावर टेकलेली. सासूबाई टाकीला पाठ लावून बसलेल्या, पदर नाही पण शाल तशीच ओढून घेतलेली. चोनाबाई सरळ माझ्याकडे बघत होत्या. शेळीकडे नाही, माझ्याकडे. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"अंधारात रंग दिसत नाहीत," मी म्हटलं.

गाव पोट धरून हसलं. मी विनोद केला असं समजले. चोनाबाई हसल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, जसं काही माझ्याकडून याहून वेगळं अपेक्षितच नव्हतं.

निवाडा: गाठी दोन, वाटे दोन. बुधवारी फुलोरा उतरवायचा, त्याच्या उपफांद्या मोजून निम्म्या निम्म्या. एक मात्र झाडावर ठेवायची, पांढऱ्या पतंगासाठी. पतंग आला नाही तर फळ धरत नाही. ओरबाडलेली पाल्मा रुसते, पुढची कित्येक वर्षं फुलत नाही असं इथं मानतात.

इतिवृत्त लिहिलं. 'साक्षीदारास रंग दिसला नाही.' अक्षर सुवाच्य आलंय.

१४ एप्रिल, सोमवार

नीट झोप नाही. पाल्माचे काटे, बहुतेक.

१६ एप्रिल, बुधवार

फुलोरा उतरला. दॉन मासेदोनियो शिडीवर, खाली चादर – अर्धी आमची, अर्धी चोनाबाईंची, मधे टाचण्यांनी जोडलेली. उपफांद्या एकतीस. एक झाडावर, पंधरा इकडे, पंधरा तिकडे. फूल मऊ, लोण्याच्या रंगाचं, वास ओल्या पिठासारखा.

चिंध्या सोडून दॉन मासेदोनियोंनी माझ्या हातात दिल्या. "पुरावा," म्हणाले. निळी सासूबाईंनी लगेच परत मागून एप्रनला शिवली. लाल माझ्या खिशात राहिली.

१७ एप्रिल, गुरुवार

फुलं निवडायचा दिवस. आमच्या अंगणात सासूबाई आणि नोएमी, पलीकडे चोनाबाई आणि त्यांची मुलगी. मधे कुंपण. दोन्हीकडे एकच आवाज – फूल उलगडलं, दांडा तुटला, पाकळ्या बादलीत. चुट्, टप्. चुट्, टप्. तासाभरात दोन्हीकडची लय एक झाली. कोणाच्याच लक्षात आलं नसावं.

मला नेहमीप्रमाणे कांदा. या घरात आलो त्या पहिल्या वर्षी नवलाईनं मीही फुलांच्या दोन बादल्या घेऊन बसलो होतो. पाऊण तासात दोन्ही फस्त, संस्कृत स्तोत्रं म्हणत म्हणत. नोएमीला तेवढ्या वेळात अर्धी झाली नव्हती. पण त्यानंतर सासूबाईंनी कधी फुलाला हात लावू दिला नाही. आजही बादलीकडे हात गेला तर म्हणाल्या, "राहू द्या, मास्तर. जावयानं ते करायचं नसतं. तुम्ही कांदा चिरा."

इकडे जावयाचा मान ठेवतात, हे लोकांनी आपल्याकडे येऊन सांगितलं पाहिजे.

सासूबाई प्रत्येक पाकळीवरून अंगठा फिरवत होत्या. डोळ्यांवर भरवसा नाही आता. नोएमीनं निवडलेली बादलीही त्यांनी पुन्हा पहिल्यापासून तपासली. पाच वाजेपर्यंत बसल्या. उठायला दोघांनी धरावं लागलं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

चर्चच्या अंगणात लांब टेबल. डाळ, निवडुंगाच्या फोडी, गुळाच्या पाकातला पाव, आणि दोन टोकांना दोन भांडी. सासूबाईंचं भांडं मी उचलून नेलं. त्या मागून काठी टेकत. वाटेत लोक बाजूला झाले, मिरवणुकीला होतात तसे.

पाद्रीबाबा नवे आहेत. त्यांना इतिहास ठाऊक नाही. त्यांनी आमच्या भांड्यातलं घेतलं, खाल्लं, आणखी घेतलं. गावानं श्वास सोडला. मग रांग लागली.

सासूबाई खुर्चीत बसून समोर बघत होत्या. आमच्या भांड्याकडे नाही; टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे. चोनाबाई सगळ्यांत शेवटी उठल्या. ताटली घेतली. सबंध टेबलाच्या कडेनं चालत आल्या – फार लांब टेबल आहे ते, आज पहिल्यांदा जाणवलं. स्वतःच्या हातानं वाढून घेतलं. उभ्यानंच खाल्लं. एक घास. दुसरा घास. डोळे मिटून.

मग बोटं पुसली.

"मीठ कमी आहे," चोनाबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी काठी उचलली. मला वाटलं, संपलं! नोएमीनं माझा दंड धरला. सासूबाई उठल्या, तेवढंच लांब टेबल चालून गेल्या, चोनाबाईंच्या भांड्यातलं घेतलं, खाल्लं. नीट चावून.

"तुझ्यात जास्त आहे," म्हणाल्या.

अकरा वर्षांनंतरचं पहिलं संभाषण. संपूर्ण मजकूर वर दिलेला आहे. कडू हा शब्द कोणीच उच्चारला नाही. दॉन मासेदोनियोंनी दोन्ही भांड्यांतलं एकाच ताटलीत कालवलं आणि सांगितलं की आता अगदी बरोबर. मग सगळ्यांनी तसंच खाल्लं. दोन्ही भांडी खरवडली गेली.

घरी येताना सासूबाईंनी रिकामं भांडं माझ्याकडे दिलं नाही. स्वतः धरलं, तोंड लोकांकडे करून. आतलं रिकामेपण दिसावं म्हणून.

१९ एप्रिल, शनिवार

दोघी आजही बोलल्या नाहीत. पण चोनाबाईंनी धुण्याचं पाणी कुंपणाच्या बुडाशी फेकलं नाही, ओतलं. फरक ऐकू येतो.

मला मात्र खिशातली चिंधी टोचतेय. सासूबाई आपलं भांडं खरं करून मोकळ्या झाल्या. मी 'अंधारात रंग दिसत नाहीत' यावर अडकलोय. उद्या जाऊन कबूल करतो. चोनाबाई काय म्हणायचं ते शेळीला म्हणोत.

२० एप्रिल, ईस्टर

गेलो. कुंपण असल्यामुळे गल्लीला वळसा घालून. लाल चिंधी त्यांच्या समोर ठेवली आणि म्हटलं, ही आधी होती, मला माहीत होतं.

चोनाबाई तोर्तिया भाजत होत्या. "मला पण माहीत होतं. त्या पहाटे गोठ्याच्या छपरावरच होते मी," म्हणाल्या. तोर्तिया उलटली. "चिंधीचं कबूल केलंत. बादल्यांचं कधी करणार?"

"कोणत्या बादल्या?"

"अकरा वर्षांपूर्वीच्या. तेव्हा अंगण एक होतं. गात होतात आणि फुलं अख्खीच्या अख्खी टाकत होतात, पोटातल्या दांड्यांसकट. मला वाटलं, मागून कोणीतरी निवडेल. चर्चच्या भिंतीआड मी कोमाद्रेला तीनदा विचारलं, फुलं कोणी निवडली? तिन्ही वेळा म्हणाली, मी. तुम्ही नवा माणूस, गाव तुम्हाला आयुष्यभर हसेल म्हणून. कडूचं काय एवढं! चाळीस वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलली."

गरम तोर्तिया दिली हातात. खाऊन आलो.

सासूबाई अंगणात खुर्चीत. कुठं गेला होतात, विचारलं नाही. संध्याकाळच्या जेवणाचा कांदा आणि सुरी माझ्या जागी ठेवलेली होती.

अकरा वर्षं चिरतोय. मान म्हणून.